शंभर म्हणजे शंभरच

रविवारी झाशीत एक काम जमलं... हाताला अजून ब्लीचचा वास येतोय, तरी टाइप करतोय.

मी मूळचा इचलकरंजीचा. शाळा सातवीत सुटली आणि एका गावात माझं बूड टिकत नाही. सध्या इथे प्रेम नगरात टी-शर्ट छापतो... शाळांचे, प्रचाराचे, आणि दुकानांच्या टोप्या.

शुभदाताई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. चितेरी काढतात, म्हणजे इकडे लग्नघराच्या भिंतीवर हत्ती-घोडे रंगवतात ते. त्यांचा एक हत्ती बघितला आणि मी मागेच लागलो... याचे टी-शर्ट काढू, फक्त शंभर, प्रत्येकावर तुमच्या हाताने नंबर.

"आणि एकशेएकावा आला तर?"

"रिकाम्या हाताने जाईल, ताई."

"अगबाई, दारी आलेल्याला परत पाठवायचं?" हे पटायला त्यांना पंधरा दिवस लागले.

आमचे मालक राजूभैया. त्यांची अट एकच, "नहीं बिका तो चुपचाप टोपी छापना, आइडिया मत देना."

रविवारी सकाळी घड्या घालताना मोजले, तर एकशे सात. परत मोजले, तेवढेच... आमच्या धंद्यात काही खराब जाणारच म्हणून सात-आठ जास्तच छापतात. हात सवयीने चालला, आणि नेमका या वेळी एकही पीस खराब गेला नाही.

राजूभैया म्हणाले, "बेच दो, गिनेगा कौन?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "मी."

सात पीस मी पिशवीत कोंबून सोबत घेतले.

छावनीजवळच्या एका कॅफेत टेबल मांडलं. दाखवायला छपाईची स्क्रीनही नेली होती, जाळीची चौकट, तिच्यातल्या हत्तीतून शाई खाली कापडावर उतरते. लोक यायचे, कापड चाचपायचे, जायचे... दुपारपर्यंत अठरा गेले.

एक कॉलेजवाला मित्राला म्हणाला, "अभी मत ले, अगले हफ्ते फिर छाप देंगे." झोंबलं मला. कारण तो चुकीचं बोलत नव्हता... हत्ती जाळीत होता तोवर आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

जाळीतला हत्ती कायमचा उडवायला शेजारच्या दुकानातून ब्लीच आणलं. स्क्रीन कॅफेच्या अंगणातल्या नळाखाली धरली, आणि पिशवीतले ते सात नवे करकरीत टी-शर्ट काढून जाळी घासायला लागलो.

"पगला गया है क्या? नया माल है," राजूभैया.

ताईंनी पदर खोचला. एक टी-शर्ट उचलला, माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि आपल्याच हत्तीची सोंड पुसायला लागल्या.

गर्दी जमली, मोबाइल निघाले. हत्तीचे पाय गेले, पाठ गेली... तोच कॉलेजवाला पुढे आला, "भैया, पोंछा क्यों बना रहे हो, मुझे दे दो."

"वहाँ टेबल से लो बेटा, जब तक हैं," ताई म्हणाल्या.

संध्याकाळचा चहा व्हायच्या आत टेबल रिकामं.

राजूभैया पाठ थोपटणाऱ्यांतले नाहीत. गाडीत बसताना नुसतं विचारलं, "अगला किस आर्टिस्ट का करेंगे?"

आजवर सहा गावांत कामं केली, सगळीकडे हुकूमच ऐकला. पुढे काय करायचं, हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं. आणि ताई... शब्द मी दिला होता, पण तो पाळायला तुम्ही स्वतःचं चित्र स्वतःच्या हाताने पुसलंत. एवढा भरवसा माझ्यावर याआधी कुणीच टाकला नव्हता.