नाझनीन मॅडमचा तास आणि माझा

स्टाफरूममध्ये इतकी वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. माझ्या अलीकडच्या सगळ्या किश्श्यांत मात्र एकच नाव येतं : नाझनीन मॅडम!

आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला डेटा ॲनालिटिक्स आलं, तेव्हा प्राचार्यांनी वाटणी केली. मी अकाउंट्सचा जुना माणूस, म्हणून मला एक्सेल. नव्यानं आलेल्या नाझनीन मॅडमना पायथन.

पहिल्याच आठवड्यात मी बोर्डवर पिव्हट टेबल शिकवत होतो. पोरं जांभया देत होती. तेवढ्यात शेजारच्या लॅबमध्ये टाळ्यांचा कडकडाट! तास सुटल्यावर तिथल्या एका पोराला गाठलं. "काय रे, एवढं काय झालं तिकडं?"

"काय नाय सर, मॅडमचा प्रोग्राम चुकला."

चुकला तरी टाळ्या!

*

संदीप वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून कॉलेजला यायचा. माझ्या तासाला हमखास डुलक्या. एकदा मॅडमच्या लॅबमध्ये डोकावलो, तर हा ताठ बसून प्रश्न विचारतोय! तो बाहेर आल्यावर म्हणालो, "तिथं लई जागा राहतोस रे!"

"मग काय सर! तुमच्या तासाला झोप पूर्ण होते ना!"

*

मग मीही इरेला पेटलो. घरी व्हिडिओ लावून पायथन शिकायला बसलो. एक कोलन राहिला आणि स्क्रीनवर एररच एरर. लेक म्हणाली, "बाबा, नाझनीन मॅडमनाच विचारा ना. कित्ती छान शिकवतात म्हणे!"

"कोण गं ही मॅडम?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

त्या दिवसापासून मॅडमवर जळणारे घरात दोघं झालो!

*

ईदला मॅडमनी जोडीनं घरी बोलावलं. शीरखुर्म्याच्या वाट्या समोर आल्या. त्यांच्या अम्मी माझ्याकडं टक लावून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "तुमीच क्या वो एक्सेलवाले सर?"

"अम्मी, चुप बैठो ना!" मॅडम ओशाळल्या.

अम्मी कसल्या थांबतात! "ये रोज घर आके जलती तुमपे! बच्चे बोलते इसको, मॅडम, कंप्यूटर बाजू रखो, सर के जैसा बोर्डपे समझाओ!"

मॅडमचा चेहरा लालबुंद. मी वाटी संपवली. पुन्हा पुढं केली. तीही संपवून परत पुढं केली.

बायकोनं कोपर मारलं. "अहो, शुगर आहे तुम्हाला!"