पूजेच्या दिवशी मी काचेबाहेर होतो

"ह्याने हात लावलेलं सगळं एकदा शुद्ध करून घे," मॅनेजरसाहेब म्हणाले.

ते शिपायाशी बोलत होते. मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिपायाने तांब्यातून गोमूत्र आणलं होतं. त्यात आंब्याची डहाळी बुडवून त्याने आधी माझी खुर्ची शिंपडली. मी उठलो. मग टेबल. मग भिंतीवरच्या डायली, एकेक करून. मग वाफेचं चाक, फॉर्मलीनचं चाक, थंड पाण्याचं चाक. दोन वर्षं रोज आठ तास जे जे माझ्या हाताखाली होतं, ते सगळं. गोमूत्राचे थेंब पितळेवरून ओघळत होते आणि मी ते बघत उभा होतो. शिपाई गावातलाच. त्याची मान खाली होती. पण हात थांबला नाही.

त्या खोलीला कंट्रोल रूम म्हणत. आचऱ्याच्या अलीकडे सड्यावर, उघड्या कातळी माळावर, चिऱ्यांनी बांधलेला कारखाना होता. काजूच्या टरफलातून निघणारं तेल आणायचं, ते फॉर्मलीनबरोबर मोठ्या बंद टोपात शिजवायचं आणि त्याची राळ करून रंगवाल्यांना पाठवायची. त्या टोपाला आम्ही किटली म्हणायचो. दीड माणूस उंच. किटलीच्या शाळेएवढ्या हॉलला लागून माझी खोली. मध्ये जाड काच. काचेअलीकडे बसून किटलीचं तापमान सांभाळायचं, हे माझं काम.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. माल तापवायला वाफ लागते, पण एकदा फॉर्मलीन सोडलं की माल आपला आपण तापू लागतो. मग वाफ बंद करून थंड पाणी सोडायचं. ते वेळेवर सोडलं तर राळ होते. उशीर झाला तर माल फुगतो, उसळतो आणि झाकण फोडून बाहेर येतो. नव्वदला काटा आला की पाण्याचं चाक फिरवायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

हे काम माझ्याकडे आलं ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. मी आमच्या महारवाड्यातला पहिला मॅट्रिक. कारखान्यात लागलो तो बॉयलरची राख काढायला. मशिनं बसवायला मुंबईहून जो फिटर आला होता, त्याने मला डायलीवरचं इंग्रजी वाचताना पाहिलं आणि शेजारी बसवून तीन महिने शिकवलं. जाताना साहेबांना म्हणाला, ह्याच्याइतका हा काटा कुणाला कळत नाही. म्हणून मला ठेवलं. आमच्या वाडीने दीक्षा घेतली त्याला काही वर्षं झाली होती. घरातले देव आम्ही खाडीत सोडले होते. मला वाटायचं, शिकलो, देव सोडले, साहेबाच्या खुर्चीसारख्या खुर्चीवर बसलो. आता काय राहिलं?

केमिस्ट होते वसंतराव. गोरे, शांत, कधी आवाज न चढवणारे. ते खोलीत आले आणि एखाद्या चाकाला हात लावायचा झाला, की खिशातून फडकं काढून आधी चाक पुसत. म्हणत, "तेलकट असतं रे." दोन वर्षं मी ते खरं मानलं. त्यांनी पुसायला लागू नये म्हणून मी रोज सकाळी चाकं घासून ठेवायचो. तरी ते पुसतच. त्या दिवशी डहाळीचे थेंब पडताना मला ते फडकं कळलं. दोन वर्षांनी. असा मी हुशार.

पूजा सत्यनारायणाची होती. कारखान्याचा वर्धापनदिन. मालक मुंबईहून येणार, आणि त्यांची इच्छा की पूजा कंट्रोल रूममध्येच व्हावी, कारण कारखान्याचा जीव तिथं आहे. माल मात्र थांबवायचा नव्हता. त्याच दिवशी ट्रक भरायचा होता. म्हणजे किटली चालू आणि पूजाही चालू.

चौरंग आणला तो पाण्याच्या चाकासमोर मांडला. चारी बाजूंनी केळीचे खुंट. तापमानाच्या डायलीवर झेंडूचा जाड हार घातला. मी म्हणालो, "साहेब, चौरंग जरा बाजूला घेऊया. ते चाक मोकळं हवं. आणि हार काट्यावर येतोय."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुला कुणी विचारलं? तू बाहेर थांब. काचेतून लक्ष ठेव. काही लागलं तर वसंतराव आहेत."

"वसंतराव बसणार पूजेला."

"बाहेर थांब म्हटलं ना?"

मी बाहेर आलो. किटलीच्या हॉलमध्ये, काचेला नाक लावून उभा राहिलो. मला त्यांचा प्रसाद नको होता. मला ते चाक हवं होतं.

किटलीच्या वर उभं राहायला लोखंडी माच होती. तिथं गुणाजी होता. गुणाजी गाबीत, म्हणजे मासे मारणाऱ्यांतला, आचऱ्याचा, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. झाकणाच्या भोकातून कांडीने नमुना काढायचं त्याचं काम. आमचं बरं चालायचं. तो माझ्याशी हसायचा, बोलायचा, पण डबा खाताना उठून दुसरीकडे जायचा. तेही मी धरून चाललो होतो.

आत कथा सुरू झाली. भटजींचा आवाज काचेतून घुमत येत होता. मॅनेजरसाहेब आणि त्यांच्या बाई पाटावर. मालक खुर्चीवर, माझ्या. वसंतराव हात जोडून मागे. हाराच्या दोन फुलांमधून मला काट्याचं टोक दिसत होतं. ऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मग फूल आडवं आलं आणि काही दिसेना. मी मान वाकडी करून पाहिलं. एकोणनव्वद.

मी काच वाजवली. बोटाने, हळू. वसंतरावांनी पाहिलं. मी पाण्याच्या चाकाकडे बोट केलं. त्यांनी हाताने खूण केली, थांब. अध्याय संपू दे.

ब्याण्णव.

मी पुन्हा वाजवली, मुठीने. मॅनेजरसाहेबांनी मागे वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दारापाशी शिपाई उभा होता. मी त्याच्याकडे धावलो. म्हटलं, "माका भितर जाव दे. माल उसळतलो."

तो म्हणाला, "रे, माका सांगलेला आसा. तुका सोडूचो नाय. जरा कळ काढ."

त्याने मला धरलं नव्हतं. त्याच्या हातात काठी नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं, कडीसुद्धा नव्हती. एक धक्का दिला असता तर मी आत असतो. आणि मी उभा राहिलो. तीन मिनिटं, चार मिनिटं, कोण जाणे. पाय हलेनात. आत त्यांची पूजा आहे, माझ्या पायांनी ती बाटेल, हे माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात मी कधीच ते सोडलं होतं. पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. पाय अजून माझ्या आज्याचेच होते.

मी ओरडलो, "गुणाजी, खाली उतर!"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. आणि त्याच वेळी झाकणाच्या भोकातून माल उसळला.

तो आवाज मला सांगता येणार नाही. काळी, जळती राळ त्याच्या उजव्या हातावर, मानेवर, कानावर पडली. राळ चिकटते, पुसता येत नाही. तो माचेवरच आडवा झाला.

मग मी आत गेलो. तेव्हा कुणी अडवलं नाही. मी चौरंगाला लाथ घातली. केळी पडली, कलश पडला. मी पाण्याचं चाक पूर्ण फिरवलं, वाफ बंद केली, हार ओढून काढला. काटा एकशे सहावर होता. मागून बाईंचं रडणं ऐकू येत होतं. भटजी पोथी छातीशी धरून दाराबाहेर पळाले. वसंतराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

गुणाजीला मी आणि शिपायाने खाली उतरवलं. त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिलो. ट्रकमधून मालवणला दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने एकदाच डोळे उघडले आणि आईला हाक मारली.

तो वाचला. उजवा हात गेला. म्हणजे हात राहिला, पण बोटं एकमेकांना चिकटली.

गावात दुसऱ्याच दिवशी गोष्ट फिरली. महाराचा पोर पूजेत शिरला, चौरंग लाथाडला, देव कोपला आणि किटली फुटली. आधी माल उसळला, मग मी आत गेलो. पण गावाने क्रम उलटा केला. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीही तसंच सांगितलं.

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. मी उभ्यानेच वाचला. 'पूजेच्या वेळी मी कोणालाही न सांगता माझी जागा सोडून गेलो. त्यामुळे तापमानाकडे दुर्लक्ष झाले. चूक माझी आहे.' खाली माझं नाव. सहीची जागा मोकळी.

साहेबांचा आवाज त्या दिवशी मऊ होता. "हे बघ, इन्स्पेक्टर येणार. कुणाचं तरी नाव लागणारच. तू सही कर, आम्ही तुला काढत नाही. राख काढायला परत घेऊ. तुझी आईही आमच्याच शेडवर आहे ना? विचार कर."

मी दोन दिवस मागितले.

आये मालकांच्याच काजूच्या शेडवर बिया फोडायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. तिची बोटं कोळशासारखी काळी होती, नखांच्या जागी नुसते कोंभ. मी तिला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "सही कर नि गप रव. त्येंच्या फुडे आपला काय चालता? तुझो बापूस गेलो तेव्हा ह्याच हातांनी तुका शिकवलंय. ता वाया घालव नको."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, करू नको. ती तसं म्हणाली नाही. तिचं चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. ज्याला उद्याची चूल पेटवायची असते, तो असंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी मालवणला चालत गेलो. दवाखान्यात गुणाजी खाटेवर होता. मानेपर्यंत पट्ट्या. त्याची बायको मला बघून बाहेर गेली.

मी म्हटलं, "गुणाजी, मी काच वाजवी होतंय. तुका हाक मारलंय. तुका म्हायत आसा."

तो भिंतीकडे बघत राहिला. म्हणाला, "माझा लक्ष नव्हता."

"गुणाजी, तू माझ्याकडे बघलंस."

"साहेब येवन गेले," तो म्हणाला. "गेटार वॉचमन म्हणान बसवतो म्हणाले. तू शिकलेलो. तुका खंयय काम गावतला. माका ह्या हातान कोण ठेवतलो?"

पाणी हवं का, विचारलं. तो नको म्हणाला. मी उठलो.

परतताना सड्यावर ऊन होतं आणि चालायला वाट एकच. एका बाजूला आये, एका बाजूला गुणाजी, पुढे साहेबांचं टेबल. तिघांनी मला एकच सांगितलं होतं. तिघांनाही माहीत होतं की मी जागा सोडली नाही. मी चालत होतो आणि मला राग कुणाचा येत होता? साहेबांचा येत होता. वसंतरावांच्या फडक्याचा येत होता. पण सगळ्यात जास्त राग मला त्या उघड्या दाराचा येत होता. कडी नसलेल्या दाराबाहेर मी उभा राहिलो, आणि आत शिरायला एक माणूस जळावा लागला. हे मला कुणी शिकवलं? कुणी एकाने नाही. जन्मल्यापासून सगळ्यांनी, थोडं थोडं. अंगण ओलांडू नको. सावली पडू देऊ नको. हाक मार आणि थांब. मी थांबायलाच शिकलो होतो. मॅट्रिक नंतर झालो.

सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो. वसंतरावही होते. साहेबांनी पेन पुढे केलं. मी पेन घेतलं. तिथली रिकामी खुर्ची ओढली आणि बसलो. साहेब काहीतरी म्हणणार होते, पण कागदावर माझं पेन पाहून गप्प राहिले.

टाइप केलेल्या मजकुरावर मी आडवी रेघ मारली. खाली माझ्या अक्षरात लिहिलं:

'मी जागा सोडली नाही. मला बाहेर काढलं. चौरंग पाण्याच्या चाकासमोर नको, असं मी आधी सांगितलं होतं. एकोणनव्वदला मी काच वाजवली, ब्याण्णवला पुन्हा वाजवली. केमिस्टनी थांब अशी खूण केली. दार उघडं असून मी आत गेलो नाही, एवढा गुन्हा माझा. तो मी कबूल करतो.'

सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग कोरा कागद मागितला नाही, स्वतःच घेतला आणि तेच पुन्हा लिहिलं. ती प्रत घडी करून खिशात टाकली. "ही इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात मी देणार," म्हटलं.

वसंतराव म्हणाले, "अरे, मी तुझ्याशी कधी वाईट बोललो होतो का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोलला नव्हता. तुम्ही पुसत होतात."

साहेब म्हणाले, "तुला ह्या पंचक्रोशीत कुणी काम देणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. मला त्याच दिवशी काढलं. आठवड्यात आयेला शेडवरून बंद केलं. ती माझ्याशी किती दिवस बोलली नाही, मी मोजले नाहीत. गुणाजी गेटवर बसला. इन्स्पेक्टर आले तेव्हा मी फाटकाबाहेर सकाळपासून उभा होतो. त्यांची जीप आत जाण्याआधी मी तिला आडवा गेलो आणि कागद दिला. त्यांनी वाचला, दोन प्रश्न विचारले, खिशात ठेवला. पुढे मॅनेजर बदलले, एवढं कळलं. त्या कागदामुळे की दुसऱ्या कशाने, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारायला गेलो नाही. मी तेव्हा चिरेखाणीत चिरे काढत होतो.

लोक म्हणतात, सही केली असतीस तर एव्हाना फोरमन झाला असतास. झालो असतो. आणि काटा वर चढत असताना बाहेर उभाही राहिलो असतो, जन्मभर.

आता सांगतो. आत कुणाचीही पूजा असो, कुणीही मोठा बसलेला असो. माणूस जळणार असेल तर मी विचारणार नाही. काच वाजवणार नाही. थांबणार नाही. तुमचा देव बाटेल, तर बाटू दे.