मायच्या विरोधात दिलेली गवाही

देशमुखाचा जोडा माझ्या मायच्या डोक्यावर होता. दोन्ही हातानं तो धरून ती चावडीपुढं उन्हात उभी. सगळं गाव बघायलंय. देशमुख बाजेवर बसून पान खायलाय.

"बोल गं पोरी," तो मला म्हनला. "तुज्या मायनं तांब्या नेला का न्हाई?"

माय त्याच्या गोठ्यात शेण काढायची. घरातला पितळी तांब्या दिसंना, म्हणून ती चोर ठरली. मी काहीच पायलं नव्हतं. माझं लगीन होऊन वरीसबी झालं नव्हतं. सासर गावातच. मेंढरांचं घर. त्या उन्हाळ्यात ओढा आटला होता अन् आमची मेंढरं देशमुखाच्या विहिरीवर जगायली होती. सासरा माझ्या कानाशी आला. "व्हय म्हण. न्हाईतर मेंढरं मरतील."

निजाम जाऊन दोन-तीन वर्सं झाली होती. चावडीवर झेंडा नवा होता. बाजेवरचा माणूस तोच.

मी म्हनले, "व्हय. मी पायलं. मायनंच नेला."

मायनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सेलूला मामाकडं निघून गेली. तिथं जिनिंगमधी सरकी वेचायला लागली. मी भेटायला गेले न्हाई. सासरा सोडत नव्हता, हे खरं. पण तिच्यापुढं उभं राहायची माझी हिंमत नव्हती, हे जास्ती खरं. पुढच्या दिवाळीला जाऊ, म्हणायचे. अशा तीन दिवाळ्या गेल्या. मग मामाचा निरोप आला, माय गेली. मी पोचले तवा राख सावडून झाली होती.

"माझं काही बोलली का?" मी इचारलं.

मामा म्हनला, "तुजं नाव काढलं न्हाई तिनं. एकदाबी न्हाई."

त्याच सालच्या उन्हाळ्यात देशमुखाच्या विहिरीतला गाळ काढायला आमी बायका टोपल्या वाहत होतो. माझ्याच टोपल्यात तो तांब्या आला. चेपलेला, काळा पडलेला. मी तो विहिरीच्या काठावर उभ्या देशमुखापुढं नेला.

"सापडला व्हय?" तो म्हनला. "चिंचंनं घासून आत ठिवा."

बस. एवढंच. मी गाळातच बसले अन् गुरासारखी ओरडले. नवऱ्यानं दंडाला धरून उठवलं. म्हनला, "लोक बघायलेत."

दोन वर्सांनी पुन्हा चावडी भरली. आता जोडा सखूच्या डोक्यावर. सखू आमच्या शेजारची रांडमुंड बाई, देशमुखाच्या घरी दळणकांडण करणारी. घरातलं चांदीचं कडं गेलं म्हणे. देशमुखानं मला बोलावून घेतलं.

"मागं तू खरं बोलली व्हतीस. आताबी सांग."

मी सखूच्या डोक्यावरचा जोडा काढला अन् मातीत टाकला.

"मागं मी खोटं बोलले," मी म्हनले. "तांब्या तुमच्याच विहिरीत निघाला. माझी माय चोर नव्हती. मी सखूचं काही पायलं न्हाई."

नवऱ्यानं तिथंच माझ्या तोंडात मारली. देशमुख थुकला. "ह्यांची विहीर बंद."

मेंढरं घेऊन आमी गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीकडं निघालो. लय ऊन. वाटंत कोकरं मेली. सासरा आजबी म्हणतो, "तुज्या जिभंनं मारली." मारली असतील. त्यांचं वरडणं मला ऐकू येतं. ते ओझंबी माझंच हाय.

मायची माफी मला मिळाली न्हाई. आता कोण देणार? कुणी म्हणतं, तू लहान होतीस, इसर. मी इसरत न्हाई. इसरले तर पुन्हा व्हय म्हणीन.

आता कोणत्याबी गावच्या चावडीवर बाई उभी केली असं कानावर आलं, की मी जाते. बोलवायची वाट बघत न्हाई. पुढं जाऊन उभी राहते. मार बसू द्या, पाणी तोडू द्या. ह्या तोंडातून खोटी गवाही एकदा निघाली. दुसऱ्यांदा न्हाई.