लेखाखालचं नाव

झिपरू गावित पेठकडच्या डोंगरातला. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये तो १९७२ साली लोखंडाचा चुरा झाडायला आला, आणि चार वर्षांत लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, असा काही बसला की गिऱ्हाइकं मला विचारायची, ‘काम झिपरूच करणार ना?’ मालक मी होतो, हे अधूनमधून मलाच स्वतःला सांगावं लागे. त्याला अक्षरओळख नव्हती. व्हर्नियरच्या मापपट्टीवरचे आकडे मात्र तो माझ्याआधी वाचायचा.

शाफ्ट, म्हणजे लांब, बारीक लोखंडी दांडा, कातायला घेतला की मध्येच थरथरतो आणि त्याच्या अंगावर लाटा उठतात. सगळ्या वसाहतीची ही डोकेदुखी होती. झिपरूने बाभळीचा एक ठोकळा घेतला, त्याला शाफ्टच्या मापाचं भोक पाडलं, आठ दिवस एरंडेलात भिजवला आणि कातणाऱ्या हत्यारामागोमाग सरकेल असा बांधला. शाफ्ट आरशासारखा निघाला. मी दोन दिवस नुसता हात फिरवत होतो.

आमच्या छोट्या कारखानदारांच्या संघाचं एक मासिक निघायचं. संपादक यादव लेखासाठी माझ्या मागे लागलेच होते. मी रात्रंदिवस खपून ‘बाभळीचा ठोकळा’ लिहिला. कच्च्या कागदावर पहिलंच वाक्य होतं : ही युक्ती आमचे कारागीर झिपरू गावित यांची. लेख पक्का उतरवताना ते वाक्य मी गाळलं. कोणी सांगितलं नव्हतं, जागाही कमी पडत नव्हती. ते वाक्य असलं की मला फक्त लिहून काढणारा म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. आजही ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

अंक आला. झिपरू हात पुसून जवळ आला.

“वाचा ना शेठ.”

मी वाचला. वाचताना ते गाळलेलं वाक्य तोंडाने पुन्हा घातलं. तो लाजला.

“माझं नाव कुठं हाय?”

लेखाखाली ठळक अक्षरांत माझं नाव छापलं होतं : मुकुंद वडनेरे. मी त्यावरच बोट ठेवलं. त्याने खिशातली खडूची कांडी काढून त्या नावाखाली हलकेच रेघ मारली आणि अंक मागून घेतला. दसऱ्याला संघाने मला शाल-नारळ दिला. समोर बसून झिपरू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. शेठने आपल्या कारागिराचं नाव छापलं, म्हणून शेठचा सत्कार, असा त्याचा हिशेब.

पाच वर्षं गेली. सांगू सांगू म्हणत मी सांगितलं नाही. मग १९८१ साली कामगारांचे फंडाचे फॉर्म भरायचे होते. केरू कारकुनाने झिपरूपुढे शाईचा पॅड सरकवला.

“पॅड नको,” झिपरू म्हणाला. “सही करतो.”

सगळे जमले. त्याने पेन मुठीत धरलं, जीभ दातांत पकडली आणि एकेक अक्षर कोरलं. किती महिने गिरवलं असेल कोण जाणे. रेघ कुठेही हलली नव्हती. केरूने वाकून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. फॉर्मवर लिहिलं होतं : मुकुंद वडनेरे.

“चुकलं का शेठ?”

“तुझं नाही, माझं चुकलं,” मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. त्याने शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. तो फॉर्मकडे बघत राहिला.

“घरी भागीलाबी तेच गिरवायला शिकवलं मी,” एवढंच बोलला. भागीबाई त्याची बायको.

केरूने नवा फॉर्म काढला. झिपरूने पॅड ओढून त्यावर अंगठा उमटवला आणि लेथकडे गेला.

यादवांच्या हातापाया पडून मी पुढच्या अंकात दुरुस्ती छापवली, झिपरूच्या नावासह. तो अंक त्याला दिला. त्याने घडी करून हत्यारांच्या कपाटात ठेवला. नाव कुठंय, हे विचारलं नाही. त्याचं नाव मी मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दिलं, रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवतो म्हणालो.

तो दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी पाटी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “राहू द्या शेठ. हात आता तुमच्याच नावाला वळतो.”