उष्ट्याची बादली

सैनिकी प्रशिक्षण केंद्राच्या मेसमधल्या मुख्य आचाऱ्यांना सगळे मामा म्हणत. एकवीस वर्षं तिथे त्यांचाच शब्द चालला. पोट बिघडलं, विचारा मामांना. वजन वाढेना, विचारा मामांना. मग आहारतज्ज्ञ बाई आल्या, आणि मामांच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर औषध नव्हतं.

बाईंनी भिंतीवर रंगीत तक्ता लावला. कशात किती प्रथिनं, पाणी किती प्यायचं, सगळं त्यात. नव्या तुकडीतल्या पोरांनी तो घोकला. लेखी परीक्षेत चाळीसपैकी अडतीस पास! साहेबांनी बाईंचं तोंडभरून कौतुक केलं. मामा कढई घासत धुसफुसत राहिले, "आणि आम्ही काय इतकी वर्षं भुसा खायला घातला?"

पण एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती. न्याहारी झाली की लगेच पाठीवर ओझं घेऊन पळायचं असे. भरल्या पोटी पळणारा ओकायचा, आणि ओकला की उस्ताद त्याला पुन्हा पहिल्यापासून पळवायचे. म्हणून तक्ता तोंडपाठ असलेली पोरं अंडी गुपचूप उष्ट्याच्या बादलीत टाकत आणि उपाशी पळत. पूर्वीच्या तुकड्यांतली पोरं धावून आली की मामा त्यांना मागच्या दाराने उकडलेली अंडी द्यायचे. बाई आल्या आणि मामांनी ते दार बंद केलं. तक्त्याकडेच मागा म्हणावं!

"मामा, न्याहारी संपवतात ना सगळे?" बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"अगदी चाटूनपुसून," मामा म्हणाले होते. महिनाअखेरीला पोरांची वजनं घटलेली निघणार, मग बाईंची तक्त्यासकट उचलबांगडी होणार. या विचाराने त्यांना गाढ झोप लागायची.

वजनं व्हायच्या आधीच काडी पडला. काडी म्हणजे तुकडीतला सगळ्यात किडकिडा पोरगा. रात्रीच्या जेवणाला "मामा, अजून एक पाव द्या ना," असं हक्काने मागणारा तेवढा एकच. पळताना चक्कर येऊन आपटला, हनुवटीला चार टाके पडले. ते टाके बघून मामांना स्वतःची लाज वाटली. तडक जाऊन त्यांनी बादली बाईंच्या टेबलाशी आणून ठेवली.

"रोज अशीच भरते. पळण्याआधी नुसतं केळं द्या, अंडी नंतर."

बाईंनी बादलीत वाकून पाहिलं. "आणि मला चाटूनपुसून म्हणालात," एवढंच त्या बोलल्या. साहेबांकडून त्यांनी न्याहारीची वेळ बदलून घेतली, बादलीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

आठवड्याभरात बादली रिकामी राहायला लागली. धावून आलेल्या काडीने ताट पुढे केलं. "मामा, बाईंचं डोकं बघा! आधी केळं, मग अंडी. एवढं साधं, पण इतक्या वर्षांत इथे कुणाला सुचलं नाही."

मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्या दाराचं सांगायचं, तर ते बंद कुणी केलं हेही सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्यांनी काडीच्या ताटात एक अंडं जास्तीचं ठेवलं.

"खा," मामा म्हणाले. "बाईंनी सांगितलंय."