तलाववाले भाऊ

बेसा भागातल्या एका बंगल्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना मी व्यायाम शिकवायला जात असे. त्यांना पोहण्याच्या तलावात चालायचं होतं, पण वादळाच्या धुळीनं तळ दिसेना आणि न दिसणाऱ्या जागी आजी पाय ठेवीनात.

तलाव साफ करणाऱ्या भाऊंचं नाव मी कधी विचारलं नाही. गाळ ओढणाऱ्या पाइपात पाणी भरून आतल्या हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ते थांबायचे आणि पंपाला समजवायचे, “हवा नाही देत गा तुले, काहून रुसून राहिला?” मग त्या पाइपाला जोडलेला लांब दांड्याचा ब्रश तळावरून इतका हळू सरकवायचे की गाळ वर उठण्याआधीच पाइपात ओढला जायचा.

त्या दिवशी पायऱ्यांजवळचा पट्टा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आणि दांडा आजींच्या हातात दिला.

“आजी, तुम्हीच फिरवा थोडं. तळ हाताले लागते का पाहा.”

आजींनी काठावरून ब्रश फिरवला. खालची पक्की फरशी दांड्यातून हाताला जाणवली, तसा त्यांचा चेहरा बदलला.

“कोपरा तसाच राहिला न गा!” त्या भाऊंना म्हणाल्या आणि तिथवर पोचायला स्वतःच पहिली पायरी उतरल्या. मी पुढे केलेला हात धरायचंही त्यांना सुचलं नाही.