आईच्या पाठीवरची नागीण

आईला काय होणार आहे ते अंगावर दिसायच्या तीन दिवस आधी तिला कळलं होतं. मी कॉलेजातून दुपारी दोनच्या सुमाराला घरी आले, तेव्हा ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. गाऊनचं कापड तिनं उजव्या कुशीपासून दोन बोटं लांब धरलं होतं. म्हणाली, "कापड भाजतंय गं."

मी पाहिलं. काही नव्हतं. बरगड्यांच्या खाली नेहमीची सुरकुतलेली, स्वच्छ कातडी. पुरळ नाही, सूज नाही, लाली नाही. मी बोट टेकवलं तेव्हा ती ओरडली नाही, नुसते डोळे मिटून घेतले. मी गॅसवर खापर फोडलं आणि तिला ओवा दिला. ती दोन दिवस कापड हातात धरून घरभर फिरत होती आणि मला त्याचा वैताग येत होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चारकोपच्या सेक्टरमधल्या घरात आम्ही दोघीच राहतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते जालन्याकडच्या खेड्यातून सरकारी नोकरीवर मुंबईत आले आणि इथेच रुजले. त्यांनी घराला एक कायदा घालून दिला होता. संध्याकाळी बुद्धवंदना होईल, पण अंगारे-धुपारे, दृष्ट काढणं, लिंबू-मिरची यातलं काही उंबऱ्याच्या आत येणार नाही. या सगळ्यातून बाहेर पडायला आपल्या माणसांना काय सोसावं लागलं ते ते सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. बाबा गेल्यावर तो कायदा माझ्याकडे आला. फरक एवढाच की बाबा हसून समजावत असत. मला तेवढा धीर नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.

चौथ्या दिवशी फोड आले. पाण्यानं भरलेले, एकमेकांना चिकटलेले बारीक फोड, मणक्यापासून निघून कुशीवरून पोटाकडे वळलेला पट्टा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, नागीण आहे. गोळ्या लिहून दिल्या, विश्रांती सांगितली आणि लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, असं विचारलं. आई हो म्हणाली.

परतताना रिक्षात ती आपणहून बोलली. ती सात वर्षांची होती. कांजिण्या आधी धाकट्या बहिणीला आल्या, मग हिला. दोघी एकाच गोधडीत निजायच्या. आई बरी झाली आणि बहीण गेली. माझी एक मावशी लहानपणीच वारली एवढं मला माहीत होतं. कशानं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

यावर मी काय बोलावं? मी शिकवायला लागले. म्हटलं, ते विषाणू तुझ्या अंगातून कधी गेलेच नाहीत. कातडीवरचे फोड सुकतात, माणसाला वाटतं संपलं. पण तोपर्यंत ते मज्जातंतूंवरून चढून मणक्याच्या मुळाशी जाऊन बसलेले असतात. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्या त्यांना ओळखतात आणि जन्मभर दाबून ठेवतात. पहारा ढिला पडला की ते जागे होतात आणि त्याच तंतूवरून खाली उतरतात. वर्गात मी हे सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही बोलायची थांबतात, आणि मला ती शांतता फार आवडते. रिक्षातही मी त्याच चवीनं सांगत होते.

आई म्हणाली, "म्हणजे तिच्याकडून आलेलं ते इतकी वर्षं माझ्या पाठीत बसलंय?"

मी हो म्हटलं. घर येईपर्यंत ती सीटला पाठ न टेकता बसून राहिली. मला वाटलं, फोड दुखत असतील.

आमच्या खालच्या मजल्यावर मालवणकडच्या एक मावशी राहतात. सत्तरी उलटलेल्या, पाठीत वाकलेल्या, सगळ्या बिल्डिंगच्या दुखण्याखुपण्याची खबर असलेल्या. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आई पालथी झोपलेली आणि मावशी तिच्या बाजूला बसून वाटीत काव कालवत होत्या. काव म्हणजे गेरू, कुंड्यांना लावतात तो. आईच्या पाठीवर, पट्टा जिथून सुरू होत होता तिथे, त्यांनी लाल रेघ ओढली होती. दुसरी पोटावर, जिथे तो संपत होता तिथे. नागिणीनं कमरेला पूर्ण वेढा घातला आणि तोंड शेपटाला मिळालं तर माणूस वाचत नाही, म्हणून तिला दोन्हीकडून अडवायचं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्येकाच्या गावात असा वेढा पडून गेलेलं कुणीतरी असतंच.

मी आवाज चढवला नाही, पण त्यापेक्षा वाईट केलं. मावशींना थंडपणे सांगितलं की या घरात असलं चालत नाही. त्यांनी वाटी उचलली आणि गेल्या. मग मी टॉवेल ओला केला आणि दोन्ही रेघा पुसून काढल्या. काव सहज जात नाही. मला घासावं लागलं. आई उशीत तोंड घालून पडून होती. एकदाच म्हणाली, राहू दे ना, काय बिघडतंय. मी म्हटलं, बाबा असते तर काय म्हणाले असते? बाबांचं नाव काढलं की ती वाद घालत नाही, हे मला माहीत होतं.

पुसून झाल्यावर मी तिच्या मणक्यावरून मानेपासून खालपर्यंत बोट फिरवलं. तिला सांगितलं, ही मधली रेघ. उजवीकडचा तंतू उजवीकडेच राहतो, मधली रेघ ओलांडून डावीकडे जातच नाही. म्हणजे वेढा पडणार कसा? शक्यच नाही. दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली तेव्हा मला समाधान वाटलं.

त्यानंतर तिनं मला पाठ दाखवली नाही. औषध मीच लावते म्हणाली, आंघोळीला दार आतून लावून घ्यायला लागली. मी म्हटलं, बरं आहे, हिंडू-फिरू लागली. माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. गोळ्या वेळेवर घेतेस ना एवढं मी विचारायचे, ती रिकामं पाकीट दाखवायची.

शनिवारी मी लवकर घरी आले. आमच्या खिडकीतून औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांचा आवाज दिवसभर येत असतो, इतका की तो ऐकू येणंच बंद झालेलं असतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं एकदम थांबतात आणि मग घर मोठं झाल्यासारखं वाटतं. त्या शांततेत मी चपला काढत होते, तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. हळू, लाडीक, लहान मुलीशी बोलावं तसा. "थोडं सरक की. मला जागाच नाही."

मला वाटलं फोनवर बोलतेय. आत गेले तर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. आई भिंतीकडे तोंड करून, पलंगाच्या अगदी कडेला कुशीवर पडली होती. तिच्या पाठीमागे गादीचा निम्मा भाग मोकळा होता. चादर अंगावरून नीट ओढून त्या मोकळ्या जागेवरही घातलेली होती. कुणाशी बोलत होतीस, विचारलं तर म्हणाली, कुणाशी नाही. कपाळ गरम लागलं. मी तापाची गोळी दिली आणि तिच्या पाठीमागच्या जागेत बसायला गेले. बसले नाही. का ते मला सांगता येत नाही, पण त्या जागेवर बसायला माझा जीव धजला नाही. मी खुर्ची ओढून घेतली.

संध्याकाळी दूध आणायला निघाले तेव्हा जिन्यात मावशी उभ्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी माझी वाट अडवली नाही, बाजूला झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गो चेडवा, आयेची पाट बघलंस काय तू?"

मी काहीतरी तुसडं उत्तर दिलं. पण दूध न घेताच परत आले.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजेड अजून चांगला होता. मी न विचारता तिच्या गाऊनची पाठीकडची चेन खाली ओढली. उजवीकडचे फोड काळपट होऊन खपल्या धरायला लागले होते. आणि डावीकडे, मणक्याच्या पलीकडे, नवे फोड होते. त्या पट्ट्याच्या ओळीत तर होतेच, शिवाय खांद्यावर, मानेखाली, केसांच्या कडेला, जिथे त्यांचं काही काम नव्हतं तिथेही होते. पुढून मी वेढा पाहिला. पोटावर दोन्ही टोकांच्या मध्ये माझी तीन बोटं मावतील एवढीच कातडी कोरी उरली होती. तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तिला दम लागला होता, नुसतं बसून.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गोष्टीला घाबरले, जिला मी टॉवेलनं पुसलं होतं.

हॉस्पिटलात तिला लगेच दाखल केलं. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं. विषाणू फुप्फुसात उतरला होता. रात्रभर सलाइनमधून औषध चालू राहिलं आणि सकाळी एक तरुण डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली. ती शांतपणे म्हणाली की नागीण सहसा एकाच बाजूला राहते हे बरोबर आहे. ती सगळ्या अंगावर पसरली, तर त्याचा अर्थ पहारा नुसता ढिला पडलेला नसतो, मुळातच बिघडलेला असतो. आईच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या, पण त्या कामाच्या नव्हत्या. सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. बहुधा काही वर्षांपासून असेल. अलीकडे थकवा यायचा का, रात्री घाम यायचा का, असं तिनं विचारलं. दोन्ही होतं. आईनं मला दोन्ही सांगितलं होतं आणि मी वयावर ढकललं होतं.

मग तिनं विचारलं, डावीकडचे फोड कधीपासून आहेत? मला सांगता आलं नाही. मावशींना सांगता आलं असतं. रोज दोन्ही टोकांना रेघ ओढली असती तर कुठल्या दिवशी काय ओलांडलं गेलं ते त्यांना नेमकं कळलं असतं. म्हणजे गावोगावचे ते वेढा पडून गेलेले लोक खोटे नव्हते. कारण त्यांना माहीत नव्हतं, पण जे दिसलं ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं. मी कारण पाठ केलं होतं आणि पाहिलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी हे सगळं समजून घेत होते आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

आत गेले. आईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी तिच्यावरच चिडले, कारण दुसरं कुणी नव्हतं. डावीकडे कधी आले, मला का नाही सांगितलं, असं विचारलं.

ती थांबत थांबत बोलली. तू रेघ पुसलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी. आरशात दिसले. हातालाही लागले. "पण तू म्हणालीस ना, तिकडे जातच नाही. मग मला वाटलं, मलाच चुकीचं दिसतंय."

ती मला टोमणा मारत नव्हती. तिचा तसा स्वभाव नाही. तिला जे वाटलं होतं ते तिनं सांगितलं.

आई वाचली. सोळा दिवसांनी घरी आली. रक्ताच्या दुखण्यासाठी रोज गोळी आहे, दर महिन्याला तपासणी आहे, आणि अशी माणसं बरीच वर्षं काढतात असं डॉक्टर म्हणाले. मावशी येऊन बसतात. मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांनी विषयच बदलला. आईची पाठ आता मी रोज, दिव्याखाली, नीट बघते. फोड पार गेले, फक्त फिकट डाग उरलेत.

पण कापड अजून भाजतं. तंतू एकदा जळाला की कातडी बरी झाल्यावरही तो मेंदूला आगीचीच बातमी देत राहतो. वर काही नसतं, आणि दुखतं. कधी महिनोन्‌महिने, कधी कायमचं. हे मला पुस्तकातून माहीत आहे आणि मी ते तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा दुपारी मी पेपर तपासत बसले होते. आई आतून आली, गाऊन कुशीपासून लांब धरून. माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला दुखतंय असं वाटतंय. दुखत असेल का गं?"

मी पेन खाली ठेवला. मी म्हटलं, "आई, ते तूच सांग ना."

मी काय म्हणते याची वाट बघत, माझ्या तोंडाकडे बघत ती तशीच उभी राहिली.